उजेडाने घडवलेली रात्र

अलिबाग तालुक्यातील एका शाळेत विज्ञान शिक्षकांसाठी कार्यशाळा होती. विषय होता प्रकाश. दुपारच्या सत्रानंतर चहा घेताना एका शिक्षिकेने आम्हाला एक प्रश्न विचारला. तो प्रश्न खरे तर त्यांच्या नववीतल्या एका मुलीचा होता. तिने घरी 'महल' हा १९४९ सालचा चित्रपट पाहिला. जुनी हवेली, रात्रीची बाग, झोपाळ्यावर बसलेली मधुबाला, भिंतीवर हलणाऱ्या सावल्या. दुसऱ्या दिवशी तिने बाईंना विचारले, "एवढ्या अंधारात कॅमेऱ्याला दिसलं कसं?"

बाईंनी उत्तर दिले होते, "दिवे लावले असतील." त्यावर मुलीने विचारले, "मग अंधार कुठे राहिला?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचे उत्तर शोधताना प्रकाशाचे नियम, थोडे रसायनशास्त्र आणि एका परदेशी छायालेखकाची कारकीर्द अशा तीन गोष्टी एकत्र येतात. या छायालेखकाचे नाव योसेफ विर्शिंग. तो जर्मनीतून आला, मुंबईच्या मालाड भागातील बॉम्बे टॉकीजमध्ये काम करू लागला आणि इथलाच झाला.

चांदणे किती असते?

आधी मुलीचा प्रश्न आकड्यांत मांडू. एखाद्या पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो हे लक्स या एककात मोजतात. भर दुपारच्या उन्हात तो सुमारे १,००,००० लक्स असतो. पौर्णिमेचा चंद्र माथ्यावर असताना जेमतेम पाव लक्स. म्हणजे दुपारचे ऊन पौर्णिमेच्या चांदण्यापेक्षा सुमारे चार लाख पट प्रखर असते. तरीही पौर्णिमेच्या रात्री अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिले तर समुद्रातला कुलाबा किल्ला, सुरूची झाडे, ओढून ठेवलेल्या होड्या सारे आपल्याला दिसते. कारण डोळा अंधाराला सरावतो. त्यासाठी त्याला वीस-तीस मिनिटे लागतात, पण तो सरावतो.

फिल्मला मात्र अशी सवलत नाही. बोलपटात दर सेकंदाला २४ चित्रे घ्यावी लागतात. कॅमेऱ्याची झडप साधारण निम्मा वेळ बंद असते, म्हणून प्रत्येक चित्राला सेकंदाचा सुमारे अठ्ठेचाळिसावा भागच मिळतो. फिल्मचा वेग आजच्या आयएसओ मापाने ५० धरला आणि भिंग एफ/२ पर्यंत उघडले, तर नीट चित्र उमटण्यासाठी सुमारे १,००० लक्स प्रकाश लागतो. चांदणे त्याच्या चार हजारावा भाग! स्थिरचित्र घेणारा झडप दीड मिनिट उघडी ठेवून किल्ल्याचे चित्र मिळवू शकेल. पण तेवढ्यात नायिका दोन पावले चालली तर चित्रात तिचा नुसता धूर दिसेल.

तेव्हा जुन्या चित्रपटातली रात्र ही अंधारात टिपलेली नसते. ती भरपूर उजेडात घडवलेली असते. ती कशी घडवतात, हे ज्यांच्याकडून आपल्याकडचे अनेकजण शिकले त्यांत विर्शिंग होता.

म्युनिक ते मालाड

विर्शिंगचा जन्म १९०३ साली म्युनिकमध्ये झाला. तेथील एमेल्का या चित्रपटसंस्थेत तो छायालेखक झाला. १९२५ साली हिमांशू रॉय आणि दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांनी गौतम बुद्धाच्या जीवनावर मूकपट काढायचे ठरवले. आपल्याकडे तो 'प्रेम संन्यास' या नावाने ओळखला जातो. त्यासाठी जे जर्मन पथक भारतात आले त्यात बावीस वर्षांचा विर्शिंग होता. या चित्रपटात स्टुडिओतले देखावे नव्हते आणि कृत्रिम दिवेही नव्हते. सारे काम सूर्यप्रकाशात झाले. म्युनिकच्या तिरक्या, मवाळ उन्हाची सवय असलेल्या तरुणाने इथले डोक्यावरचे ऊन कॅमेऱ्यातून प्रथम पाहिले ते तेव्हा.

हे ऊन चेहऱ्याचे चित्रण करायला वाईट. डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळ्या सावल्या पडतात. त्यावर उपाय म्हणजे चंदेरी कागद लावलेले मोठे फळे. ते खालून तिरके धरले की ऊन परावर्तित होऊन सावल्यांत शिरते. आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात हे आपण सातवी-आठवीत शिकवतो. चित्रीकरणाच्या जागी फळा धरून उभा असलेला माणूस दिवसभर तेच करत असतो.

हिमांशू रॉय आणि देविका राणी यांनी १९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीज सुरू केली. तिच्यासाठी जर्मनीतून ऑस्टेन, विर्शिंग, नेपथ्यकार कार्ल फॉन स्प्रेती आणि प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ विल्हेल्म झोल्ले ही मंडळी आली. ध्वनिमुद्रणासाठी इंग्रज तंत्रज्ञ होता. 'जवानी की हवा' (१९३५), 'अछूत कन्या' (१९३६), 'सावित्री' (१९३७), 'कंगन' (१९३९) असे डझनाहून अधिक चित्रपट विर्शिंगने १९३९ पर्यंत चित्रित केले.

लाल रंग न दिसणारी फिल्म

या दहा वर्षांत फिल्मही बदलत होती. मूकपटाच्या काळात जी फिल्म सर्रास वापरत तिला निळा व हिरवा प्रकाश दिसे, लाल दिसत नसे. त्यामुळे लाल कुंकू चित्रात काळे येई, ओठ काळे येत आणि सावळा किंवा गव्हाळ चेहरा असतो त्याहून बराच गडद येई. निळे आकाश मात्र पांढरेफटक. म्हणून नटांना चेहऱ्याला जाड रंग फासावा लागे.

पुढे सर्व रंगांना प्रतिसाद देणारी, म्हणजे सर्ववर्णी फिल्म प्रचारात आली. तिच्या प्रसाराला बोलपटाने हातभार लावला. पूर्वी स्टुडिओत कार्बनचे कमानदिवे वापरत. ते प्रखर असत, पण आवाज करत. ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर ही फुरफुर चालेना. मग तापलेल्या तारेचे, मुकाट जळणारे दिवे आले. अशा दिव्याच्या प्रकाशात लाल भाग जास्त असतो. लाल न दिसणाऱ्या फिल्मला त्यांचा बराचसा उजेड वायाच गेला असता. सर्ववर्णी फिल्मला तो उपयोगी पडला. आवाजाची अडचण होती, तिचा परिणाम चेहऱ्याच्या रंगावर झाला!

या नव्या फिल्ममुळे आणखी एक गोष्ट साधली. भिंगापुढे लाल काच धरली तर आकाशाचा निळा प्रकाश अडतो आणि चित्रात आकाश काळेभोर येते. उन्हात उजळलेल्या वस्तू मात्र दिसत राहतात. त्यात थोडा प्रकाश कमी घेतला की भर दुपारी चांदणी रात्र तयार होते. बाहेरच्या रात्रीची दृश्ये चित्रित करण्याची ही जुनी युक्ती आहे.

दिवा किती दूर ठेवायचा?

आता स्टुडिओतल्या रात्रीकडे वळू. वर आपण पाहिले की १,००० लक्सच्या आसपास उजेड हवाच. मग अंधार कुठून आणायचा? उत्तर असे की अंधार हा कमी उजेडाने भासत नाही, उजेडातल्या फरकाने भासतो.

चेहऱ्याच्या एका बाजूला मुख्य दिव्याचे १,००० लक्स पाडले आणि दुसऱ्या बाजूला भरणाच्या दिव्याचे ५०० लक्स, तर चेहरा प्रसन्न दिसतो. प्रेक्षक समजतो की दिवस आहे. भरणाचा दिवा १२० लक्सवर आणला तर दोन्ही बाजूंत आठपटीचा फरक पडतो. मुख्य दिव्याला हातही न लावता दृश्य रात्रीचे होते. मागच्या भिंतीवर उजेड न पडू देता केसांच्या कडेला मागून एक बारीक दिवा दिला की माणूस अंधारातून सुटून उठतो. म्हणजे नववीतल्या त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे: दिवे होते, भरपूर होते; पण कुठे पडू द्यायचे नाहीत हे ठरलेले होते.

हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही, कारण नट चालतात. बिंदूवत दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. दिवा ४ मीटरवर आहे आणि नायक त्याच्याकडे २ मीटर चालत आला, तर त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड चौपट होईल आणि चेहरा पांढरा पडेल. तोच दिवा ८ मीटरवर ठेवला आणि नायक ६ मीटरपर्यंत आला, तर उजेड पावणेदोन पटीहून थोडाच जास्त वाढेल. हा फरक फिल्म सांभाळून घेते. पण ८ मीटरवरून तेवढाच उजेड पाडायचा तर दिवा चौपट शक्तीचा हवा. स्टुडिओचे छत उंच का, दिवे एवढे मोठे का, आणि नट घामाघूम का होत, हे या एका नियमातून कळते. भिंग बसवलेल्या दिव्यांत हिशेब थोडा बदलतो, पण दिशा तीच राहते.

तिसरी गोष्ट सावलीच्या कडेची. लहान उगमाची सावली रेखीव पडते, पसरट उगमाची कडा विरघळते. भिंतीवर जाळीची धारदार सावली हवी असेल तर एकच लहान दिवा, दूरवर. नायिकेचा चेहरा मऊ हवा असेल तर दिव्यापुढे झिरझिरीत कापड. 'महल'मध्ये या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिसतात: वास्तू कठोर, चेहरा मऊ. भीती आणि ओढ दोन्ही त्यातून निर्माण होतात.

अंधारखोलीतली कोकणी अडचण

प्रकाश फिल्मवर पडला तरी काम निम्मेच झालेले असते. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. प्रकाश लागलेल्या कणांत अदृश्य बदल होतो. विकासकाच्या द्रावणात ते कण काळ्या चांदीत बदलतात आणि चित्र दिसू लागते. ही रासायनिक क्रिया असल्यामुळे तिचा वेग तापमानावर अवलंबून असतो. स्थूल मानाने १० अंश सेल्सिअस वाढले की वेग दुप्पट होतो. द्रावण १८ ते २० अंशांना ठेवावे असा पाठ असे. किनारपट्टीवर मे महिन्यात नळाचे पाणीच तीस अंशांच्या आसपास असते. त्यात फिल्म भराभर काळवंडते आणि जिलेटिन फुगून मऊ पडते, प्रसंगी सुटूही लागते. छायालेखकाने जपून ठेवलेला आठपटीचा फरक अंधारखोलीत पाच मिनिटांत नाहीसा होऊ शकतो.

रायगडच्या शिक्षकांना हे शास्त्र घराजवळच भेटण्यासारखे होते. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार, त्यांच्यामुळे चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबागला हलवण्यात आली. तेथे टांगलेल्या चुंबकाला आरसा लावून त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशकिरण हळूहळू सरकणाऱ्या फोटोच्या कागदावर पाडत आणि पृथ्वीच्या चुंबकत्वातले बदल नोंदवत. म्हणजे मालाडला विर्शिंग सावल्या टिपत होता तेव्हा अलिबागला त्याच चांदीच्या क्षारांवर पृथ्वीची हालचाल टिपली जात होती. दमट हवेत कागद आणि द्रावणे सांभाळण्याची चिंता दोन्हीकडे सारखीच.

बॉम्बे टॉकीजची प्रयोगशाळा स्वतःची होती. त्यामुळे छायालेखक आणि रसायने हाताळणारा यांच्यात रोजचे बोलणे असे. या प्रयोगशाळेत एक तरुण सहायक काम करत होता. १९३६ सालच्या 'जीवन नैया'साठी त्याला अचानक कॅमेऱ्यापुढे उभे करण्यात आले. तो म्हणजे अशोक कुमार. पुढे 'महल'मध्ये विर्शिंगच्या सावल्यांतून वावरणारा नायकही तोच.

शिक्षक नसताना

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. भारतातील जर्मन नागरिक एका दिवसात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांच्यासाठी अहमदनगर, डेहराडून, सातारा अशा ठिकाणी छावण्या होत्या. ऑस्टेन १९३६ पासून नाझी पक्षाचा सदस्य होता. पण सरकारने पारपत्र पाहिले, माणसागणिक मत पाहिले नाही. विर्शिंगची युद्धाची वर्षे नजरकैदेत गेली. मे १९४० मध्ये हिमांशू रॉय वारले. कॅमेऱ्यामागचा माणूस, दिग्दर्शक आणि मालक असे तिघेही वर्षाच्या आत गेले. संस्था बंद पडेल असेच कोणीही म्हटले असते.

तसे झाले नाही. १९४३ साली याच बॉम्बे टॉकीजचा 'किस्मत' आला आणि कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. त्याचे छायालेखन आर. डी. परीन्जा यांचे होते. ते विर्शिंगच्या हाताखाली तयार झालेले. यंत्रे परदेशातून मागवता येतात. यंत्राशेजारी उभा असलेला माणूस शिकला नसेल तर तज्ज्ञ निघून गेल्यावर ती नुसती लोखंडाची होतात. मालाडला तसे झाले नाही, कारण तिथे दिव्याचे अंतर का आणि किती हे सहायकाला समजलेले होते.

आम्हाला या कारकिर्दीत सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. 'अछूत कन्या' किंवा 'महल' पाहून विर्शिंगचे कौतुक करता येते. पण त्याच्या कामाची खरी परीक्षा 'किस्मत'मध्ये झाली, आणि त्या वेळी तो तिथे नव्हता. शिक्षकाला आपल्या कामाची अशी परीक्षा सहसा पाहायला मिळत नाही.

परतल्यावर

युद्ध संपल्यावर विर्शिंग जर्मनीला परत गेला नाही. बॉम्बे टॉकीजसाठी त्याने 'जिद्दी' (१९४८) आणि 'महल' (१९४९) चित्रित केले. 'महल' हा कमाल अमरोही यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. पुढे बॉम्बे टॉकीज बंद पडली, तरी अमरोहींशी त्याचे नाते राहिले. 'दिल अपना और प्रीत पराई' (१९६०) आणि मग 'पाकीजा'.

'पाकीजा'त नवीच परीक्षा होती: रंग आणि रुंद पडदा. १९५२ साली आलेल्या ईस्टमन रंगीत निगेटिव्हचा वेग अवघा २५ होता. म्हणजे आपल्या आधीच्या हिशेबात १,००० ऐवजी २,००० लक्स लागणार. पुढच्या काही वर्षांत हा वेग वाढला, तरी रंगीत फिल्मची उजेडाची भूक मोठीच राहिली. सिनेमास्कोपचे भिंग रुंद दृश्य आडवे निम्म्याने दाबून फिल्मवर बसवते आणि पडद्यावर टाकताना दुसरे भिंग ते पुन्हा उलगडते. त्यात दृश्याच्या दोन्ही कडांपर्यंत उजेड नीट पसरवावा लागतो.

शिवाय रात्रीचा प्रश्न रंगामुळे अधिक अवघड झाला. मंद प्रकाशात आपल्या दृष्टिपटलावरील रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी काम करेनाशा होतात. दंडपेशींवर भिस्त राहते, आणि त्यांना रंग कळत नाही. चांदण्यात लाल लुगडे काळपट दिसते ते याचमुळे. म्हणून कृष्णधवल चित्रातली रात्र आपल्याला चटकन खरी वाटते. रंगीत चित्रात लाल रंग लालच येणार, मग रात्र कशी पटवायची? मागच्या भागात निळसर छटा आणि चेहऱ्यावर दिव्याची उबदार पिवळी छटा, अशी विभागणी छायालेखक करतात.

'पाकीजा'चे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. तो पूर्ण होण्याआधीच, १९६७ साली, विर्शिंग मुंबईत वारला. राहिलेले चित्रण इतर छायालेखकांनी केले आणि चित्रपट १९७२ साली प्रदर्शित झाला. पुन्हा एकदा त्याचे काम दुसऱ्यांच्या हातून पुरे झाले. त्याने स्वतः काढलेली बॉम्बे टॉकीजची असंख्य छायाचित्रे कुटुंबाने जपली. २०१७ साली गोव्यात त्यांचे प्रदर्शन भरले. मालाडच्या स्टुडिओचे मात्र अवशेषच उरले आहेत.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. खोलीत अंधार करून एका विद्यार्थ्याला खुर्चीवर बसवा. एका बाजूने विजेरी धरा. दुसऱ्या बाजूने पांढरा पुठ्ठा चेहऱ्याजवळ आणा, मग हळूहळू दूर न्या. विजेरी तीच असून 'दिवसा'ची 'रात्र' कुठल्या अंतराला होते ते फळ्यावर लिहा. वेगवेगळ्या विद्यार्थ्यांची मते जुळतात का?

२. भिंतीपासून हातभर अंतरावर चाळण धरून विजेरीने तिची सावली पाडा. आता विजेरीपुढे तेलकट कागद धरा. सावलीची कडा का बदलली?

३. मोबाइलमध्ये प्रकाश मोजणारे साधन असेल तर बल्बपासून १, २ आणि ४ मीटरवर लक्स मोजा. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत उत्तर नियमाप्रमाणे येणार नाही. का, याचा शोध मुलांना घेऊ द्या. नंतर तेच रात्री उघड्या मैदानात करा.

४. समुद्राकाठी दुपारी मोबाइलच्या भिंगापुढे लाल जिलेटिन कागद धरून कृष्णधवल चित्र घ्या. आकाश आणि ढग यांत काय फरक पडला? कागद काढून पुन्हा घ्या आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवा.

कार्यशाळेच्या शेवटी आम्ही पहिला प्रयोग त्याच शाळेत केला. खिडक्यांना सतरंज्या लावल्या, विजेरी शिपायाकडून आणली. प्रश्न आणणाऱ्या शिक्षिका खुर्चीवर बसल्या. पुठ्ठा दूर नेता नेता एका क्षणी मागच्या बाकावरचे कोणीतरी म्हणाले, "झाली रात्र!" त्या उठल्या आणि म्हणाल्या, "हे मला नको, तिला दाखवायला हवं. पुठ्ठा तिच्याच हातात देते." आम्हाला वाटते, कार्यशाळा तिथेच सफल झाली.